कव्हर नोट म्हणजे काय? तापीकाठच्या होडीचा कच्चा कागद आणि आपली जबाबदारी

(जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



खान्देशात समुद्र नाही, मग होडीच्या विम्याची चर्चा कशाला, असं काहींना वाटेल. पण हतनूरपासून सुलवाडेपर्यंत तापी आपलीच आहे. तिच्या पाण्यावर मासेमारी चालते, माणसं इकडून तिकडे जातात. होडी आणि इंजिन घ्यायला कर्ज काढावं लागतं. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडतात, पाणी चढतं आणि एका रात्रीत होडी वाहून जाऊ शकते. कर्ज मात्र वाहून जात नाही. म्हणून हा विषय.

विमा काढायला गेलं की हातात चार वेगवेगळे कागद येतात, आणि आपण सगळ्यांनाच 'विमा' म्हणतो. प्रस्ताव अर्ज म्हणजे आपण कंपनीकडे केलेली मागणी. पावती म्हणजे पैसे भरल्याचा पुरावा. कव्हर नोट म्हणजे पॉलिसी तयार होईपर्यंत कंपनीने दिलेलं तात्पुरतं संरक्षणपत्र. आणि पॉलिसी म्हणजे पूर्ण करार. पहिल्या दोन कागदांवरून कंपनीने धोका स्वीकारला हे सिद्ध होत नाही. कव्हर नोटवरून होतं, पण तिच्यावर छापलेल्या मुदतीपुरतंच.

ही मुदत नीट समजून घ्या. मोटारगाडीच्या बाबतीत केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 142 वा नियम सांगतो की कव्हर नोट 60 दिवस चालते आणि ती संपण्याआधी कंपनीने पॉलिसी द्यायची असते. रिक्षा, ट्रक चालवणाऱ्यांच्या कानावर हे साठ दिवस आलेले असतात. पण हा नियम गाड्यांचा आहे. होडीच्या कव्हर नोटवर पंधरा दिवस लिहिले असतील, तर पंधराच धरा. सोळाव्या दिवशी होडी बुडाली आणि पॉलिसी आलेली नसेल, तर वाद तुमच्या गळ्यात.

दुसरी गोष्ट पैशांची. विमा कायदा 1938 मधलं 64 व्हीबी कलम सांगतं की हप्ता आधी, धोका नंतर. 'उद्या पैसे देतो, आज विमा लाव' हे चालत नाही. चेक दिला आणि तो वटला नाही, तर मालकाच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई देण्यास कंपनी बांधील नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये दिला आहे. म्हणून चेक दिला असेल तर खात्यातून रक्कम गेली का, ते पाहा. रोख दिली असेल तर कंपनीची छापील पावती घ्या. एजंटाने वहीच्या पानावर लिहून दिलेली चिठ्ठी म्हणजे कव्हर नोट नव्हे. तिच्यावर कंपनीचं नाव, क्रमांक आणि अधिकृत सही हवी. शंका आली तर तो क्रमांक कंपनीच्या कार्यालयात फोन करून तपासा.

तिसरी गोष्ट, कागद वाचा. मालकाचं नाव, होडीचा आणि इंजिनाचा क्रमांक, विम्याची रक्कम, सुरू होण्याची तारीख आणि वेळ, कोणत्या पाण्यात आणि कोणत्या कामासाठी, हे सगळं जुळतं का? मासेमारीसाठी विमा काढलेल्या होडीत जत्रेच्या दिवशी प्रवासी भरले, तर भरपाई नाकारायला कंपनीला कारण मिळतं. प्रवासी नेणार असाल तर अर्जातच लिहा. इंजिनवर चालणाऱ्या प्रवासी नौकांसाठी अंतर्देशीय जलयान कायदा 2021 मध्ये विम्याची अट आहे, हेही ध्यानात ठेवा. माहिती लपवून हप्ता थोडा कमी होईल, पण मग सगळं संरक्षणच धोक्यात येतं.

चौथी गोष्ट, होडीचा विमा वेगळा आणि माणसाचा वेगळा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी सामूहिक अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख. त्याचा हप्ता सरकार भरतं. पण त्यातून फुटलेल्या होडीचे पैसे मिळत नाहीत.

आणि कंपनीने दाद दिली नाही तर? आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. आपल्या जिल्ह्यांसाठी पुण्याचं कार्यालय आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. विमा नियामकाचा 155255 हा क्रमांकही आहे.

मित्रांनो, हे कागद बहुतेक वेळा इंग्रजीत असतात. तापीकाठचे कितीतरी भोई, कोळी आणि मुस्लिम बांधव न वाचता त्यावर सही किंवा अंगठा करतात. तुम्ही शिकलात. मोहल्ल्यातले चाचा असोत की शेजारच्या गावचे दादा, त्यांच्या शेजारी दहा मिनिटं बसा. कव्हर नोट वाचून दाखवा, मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून ठेवा आणि ती संपायच्या आठ दिवस आधीची आठवण लावा. पॉलिसी आली नसेल तर त्या दिवशी त्यांच्यासोबत कंपनीच्या कार्यालयात जा. दोघं गेले की उत्तर लवकर मिळतं.

यंदा पावसाळ्याआधी प्रत्येकाने किमान एका होडीचा कागद तपासावा, एवढंच आज तुमच्याकडे मागतो.