बिळातला पाहुणा



रात्री-अपरात्री कुणी दार वाजवलं, तर आपण आधी आतूनच विचारतो, "कोण?" आजची गोष्ट एका बिळाची आहे. त्याला दारही नव्हतं.

सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, आजच्या दक्षिण आफ्रिकेत, थ्रिनॅक्सोडॉन नावाचा मुंगसासारखा लहानखुरा प्राणी राहत असे. सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांचा हा भाऊबंद. पृथ्वीवरची बहुतेक जीवसृष्टी नुकतीच लयाला गेली होती. कडक उन्हाळ्यात हा बीळ खणून आत झोपून राही, असं अभ्यासकांना वाटतं.

असंच एक बीळ पुराच्या गाळानं बुजलं आणि त्याचा दगड झाला. १९७५ साली जेम्स किचिंग यांनी तो गोळा केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या प्रयोगशाळेतून, दगड न फोडता, क्ष-किरणांनी आत पाहिलं गेलं. आत दोघं निघाले! थ्रिनॅक्सोडॉनला बिलगून ब्रूमिस्टेगा हा उभयचर पहुडला होता. त्याच्या बरगड्या मोडलेल्या होत्या, पण सांधू लागलेल्या. यजमानाच्या दातांशी जुळेल अशी एकही खूण त्याच्या अंगावर नव्हती.

कवीच्या खोडीनं मी याला लगेच मैत्री म्हणून टाकलं असतं. शास्त्रज्ञ सावध आहेत. ते म्हणतात, यजमान बहुधा गाढ झोपेत होता. पाहुण्याला त्यानं ना बोलावलं, ना हाकललं.

मला तेवढंही पुरेसं वाटतं. जखमी जिवाला दर वेळी स्वागत लागतं असं नाही. कुणी हाकललं नाही, तरी बरगड्या सांधू लागतात.