बंदूक, सायलेन्सर आणि कान

सिनेमातला खलनायक पिस्तुलाला नळकांडं लावतो आणि गोळी नुसती ‘फुस्स’ करते. मी कानाचा डॉक्टर, मला ते नेहमी खटकतं.

हा सायलेन्सर बाजारात आणला अमेरिकेतल्या हायरम पर्सी मॅक्सिम यांनी. १९०९ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. हार्टफर्डला त्यांची कंपनी होती. वडिलांनी मशीनगन शोधली आणि तिच्याच आवाजानं त्यांचे कान गेले होते!

सायलेन्सर तप्त वायूला कप्प्याकप्प्यांत अडवून सावकाश सोडतो. पण आवाज साधारण तीस डेसिबलच उतरतो. दीडशेच्या पुढचा आवाज एकशेवीस-तीसवर येतो, एवढंच. शिवाय ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा कडाका हवेत उठतो, तो नळकांड्याला अडवता येत नाही. त्यासाठी कमी वेगाची काडतुसं वेगळी बनवावी लागतात.

पुढे मॅक्सिम यांच्या कंपनीनं हीच विद्या इंजिनांचा आवाज कमी करायला वापरली. मला ते अधिक मोलाचं वाटतं. कारण अंतर्कर्णातल्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मग कारण बंदूक असो, सुतळी बॉम्ब असो की मिरवणुकीतली डॉल्बी. तेव्हा लांब उभे राहा आणि कापसाच्या बोळ्यावर न विसंबता चांगले इअरप्लग घाला.