भिंतीवरील पहारेकरी

(आकाशवाणीवरून दिलेलें भाषण)

आमच्या एरंडोल गांवास जुनी मंडळी एकचक्रा नगरी म्हणतात. पांडव वेष पालटून येथें राहिले आणि बकासुराच्या भयांतून भीमानें गांव सोडविलें, अशी इकडील समजूत आहे. ती कथा खरी कीं कल्पित, हा वाद मी येथें उपस्थित करीत नाहीं. घरादाराच्या रक्षणाची चिंता फार जुनी आहे, एवढें तिजवरून खास दिसतें. पुढें गांवोगांवीं जागल्या असे. त्याच्या काठीच्या आवाजावर लोक निर्धास्त निजत. दाराला आंतून आडणा असे, आणि ओटीवर एखादें वडील माणूस खोकत पडलेलें असे. आतां काठी गेली, आडणाहि गेला, आणि वडील माणसें तेवढीं घरांत एकटीं उरलीं. मुलें पुण्यास, मुंबईस, कांहीं तर समुद्रापलीकडे. म्हणून भिंतीवर एक लहानसा यांत्रिक डोळा बसवितात. त्यास कॅमेरा म्हणतात. हा डोळा मिटला आणि रीसेटची कळ दाबूनहि तो पुन्हां उघडेना, म्हणजे काय करावें, याविषयीं आज मला आपणांशीं बोलावयाचें आहे.

मी या विद्येंतील पंडित नव्हें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि सारा जन्म गेला पोरांच्या पाट्या तपासण्यांत. परंतु या एका कामांत मीं स्वतः इतक्या चुका केल्या आहेत कीं, त्या चुका क्रमानें सांगितल्या तरी ऐकणाराचा कांहीं फायदा व्हावा.

२०२४ च्या दिवाळींत मुलानें आमच्या अंगणावर कॅमेरा बसवून घेतला. एका कारागिरानें सर्व जोडणी केली. चित्र माझ्या मोबाईलवर आणि पुण्यास मुलाच्या मोबाईलवर दिसूं लागलें. २०२५ च्या मे महिन्यांत आम्हीं इंटरनेटची जोडणी बदलली, नवा राउटर आला, आणि त्याच सायंकाळीं कॅमेरा आंधळा झाला. रात्रीं दहा वाजतां मुलाचा फोन आला : “नाना, अंगण दिसत नाहीं. तुम्ही दोघें बरीं आहांत ना? कॅमेरा रीसेट करा.”

रीसेट या शब्दाचा अर्थ शाळेच्या भाषेंत सांगावयाचा तर पाटी पुसणें. कॅमेऱ्याच्या पोटांत घरच्या वायफायचें नांव व पासवर्ड लिहिलेला असतो. राउटर बदलला तरी कॅमेरा जुन्याच नांवानें हांका मारीत बसतो. म्हणून पाटी पुसून नवें नांव लिहावें लागतें. पुसण्याची कळ चुकून दाबली जाऊं नये म्हणून ती बहुधा एका बारीक छिद्राच्या आंत दडविलेली असते. कित्येक कॅमेऱ्यांत तर डोक्याचा गोल वर वळविल्यावांचून किंवा मेमरी कार्डाची झांकणी उघडल्यावांचून ती दिसतहि नाहीं.

माझी पहिली चूक येथेंच झाली. कॅमेऱ्याच्या अंगास दोन छिद्रें होतीं. मीं एकांत टाचणी घातली आणि अर्धा तास टोंचीत बसलों. दुसऱ्या दिवशीं भिंग लावून पाहिलें तेव्हां कळलें कीं, तें छिद्र आवाज टिपणाऱ्या माइकचें होतें! श्रोतेहो, मीं त्या बिचाऱ्याचा कान टोंचीत होतों. कळ खरी असेल तर दाबतांना बोटास किंचित् टक् असें जाणवतें. तें जाणवत नसेल तर हात आवरावा. टोंकदार सुई वापरूं नये; कागद अडकविण्याच्या क्लिपेची तार सरळ करून वापरावी.

दुसरी चूक उतावीळपणाची. वीज बंद असतांना कळ दाबून कांहींहि होत नाहीं. कॅमेरा चालू करावा, त्यास जागा होण्यास एक-दोन मिनिटें द्यावींत, मग कळ दाबून धरावी. कोठें ५ सेकंद पुरतात, कोठें १५ लागतात. मीं तीन मोजून बोट उचलीत असें. आणि पाटी अर्धीहि पुसली जात नसे. दिवा लुकलुकेपर्यंत किंवा आंतून आवाज येईपर्यंत बोट उचलूं नये. नंतर वीज तोडूं नये. कॅमेरा आपण होऊन पुन्हां सुरू होतो.

तिसरें कारण विजेचें. अशा पुष्कळ कॅमेऱ्यांस ५ व्होल्टची वीज लागते, आणि ती किती अँपिअर हवी हें ॲडॅप्टरवर छापलेलें असतें. ॲडॅप्टर दुबळा असला, किंवा लांबच लांब बारीक वायर ओढलेली असली, म्हणजे टोंकापर्यंत पुरती वीज पोंचत नाहीं. दिवसा कॅमेरा बरा चालतो. रात्र पडली आणि अंधारांत पाहण्याचे त्याचे अदृश्य दिवे लागले कीं विजेची गरज वाढते व तो पुनःपुन्हां बंद पडतो. लोक म्हणतात, रीसेट होत नाहीं. वस्तुतः तो अर्धपोटीं असतो. म्हणून कॅमेरा भिंतीवरून उतरवावा, मूळच्या ॲडॅप्टरनें घरांतील बटनापाशीं लावावा, आंतील मेमरी कार्ड काढून ठेवावें, आणि मग कळ दाबावी. कार्ड बिघडलें असल्यासहि कॅमेरा सुरू होतांना अडून बसतो.

आपल्या खानदेशांत आणखी एक गोष्ट ध्यानांत धरली पाहिजे. कित्येक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकांत ४५ किंवा ५० अंशांची मर्यादा दिलेली असते. मे महिन्यांत सावलींतच पारा ४४ च्या आसपास जातो; मग पत्र्याखालीं टांगलेल्या कॅमेऱ्याच्या पोटांत काय होत असेल! दुपारीं अडलेला कॅमेरा पहांटे निमूटपणें ऐकतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

पाटी पुसली गेली तरी नवा धडा चढेना, असेंहि होतें. नवे राउटर दोन लहरींवर बोलतात, एक २.४ गिगाहर्ट्झची आणि दुसरी ५ गिगाहर्ट्झची. स्वस्त घरगुती कॅमेऱ्यांपैकीं पुष्कळांस पहिलीच लहर कळते. तेव्हां जोडणी करतांना मोबाईल व कॅमेरा दोन्ही २.४ च्या लहरीवर ठेवावे. आणि सर्वांत सोपी युक्ति मला सर्वांत शेवटीं समजली. नव्या राउटरला जुनेंच नांव व जुनाच पासवर्ड दिला असता तर बहुधा कॅमेरा आपण होऊन जोडला गेला असता, आणि रीसेटची गरजच पडली नसती. असो.

येथवर सारें करून चौथ्या दिवशीं पहांटे आमच्या कॅमेऱ्यानें टुंग असा आवाज केला. पाटी पुसली गेली. मीं आनंदानें माझ्या मोबाईलवर जोडणी आरंभिली, आणि पडद्यावर अक्षरें उमटलीं कीं, हा कॅमेरा दुसऱ्याच्या खात्यास जोडलेला आहे. मीं पुन्हां पुसलें. पुन्हां तेंच. सात वेळां पुसलें, सात वेळां तेंच.

श्रोतेहो, रीसेट न होण्याचें जें खरें मर्म, तें येथें आहे. समजा, एखाद्या शेताच्या सात-बारा उताऱ्यावर दुसऱ्याचें नांव आहे. तें शेत आपण कितीहि वेळां नांगरलें, तरी उताऱ्यावरील नांव बदलत नाहीं. त्याला फेरफाराची नोंद व्हावी लागते. कॅमेऱ्याचें तसेंच आहे. कळ दाबल्यानें कॅमेऱ्याच्या पोटांतील मजकूर पुसला जातो. परंतु मालकाचें नांव पुष्कळ कॅमेऱ्यांच्या बाबतींत कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर नोंदलेलें असतें, आणि तेथवर आपली टाचणी पोंचत नाहीं. ही योजना मुळांत चांगली आहे. चोरानें कॅमेरा पळविला तरी तो त्याच्या उपयोगीं पडूं नये, असा तिचा हेतु आहे. परंतु नोंदच चुकीच्या नांवावर झाली असेल तर घरधनीच चोराच्या जागीं उभा राहतो.

आमची नोंद कोणाच्या नांवावर होती? त्या कारागिराच्या. त्यानें काम लवकर व्हावें म्हणून आपल्याच मोबाईलवर खातें उघडलें होतें, आणि त्यांतून आम्हांस चित्र वांटून दिलें होतें. तो एव्हांना कामानिमित्त सुरतेस गेला होता. मीं फोन केला. त्या भल्या गृहस्थानें क्षणांत आपल्या ॲपमधून आमचा कॅमेरा काढून टाकला, आणि वर सहज म्हणाला, “गुरुजी, अशीं दहा-बारा घरें अजून माझ्याच मोबाईलवर आहेत.” त्यानें आमच्या अंगणांत कधीं डोकावून पाहिलें असेल असें मी म्हणत नाहीं. परंतु सहा महिने तें त्यास केव्हांहि पाहतां आलें असतें, आणि हें आम्हां कोणाच्याहि गांवीं नव्हतें.

ही हकीगत ऐकल्यावर आमच्या कुटुंबानें हातांतील लाटणें खालीं ठेवलें. त्याच अंगणांत ती बिबडे वाळत घालते, न्हाऊन केस सोडून बसते. ती अहिराणींत एवढेंच म्हणाली, “हाऊ डोया कोना शे, ते पहिले देखा.” हा डोळा कोणाचा आहे, तें आधीं पाहा! मी चार दिवस डोळा उघडण्याच्या खटपटींत होतों. तो कोणाचा, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

या प्रश्नावरून मला अमेरिकेंतील एका बाईची गोष्ट आठवते. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही न्यूयॉर्कची परिचारिका. कामामुळें तिला अवेळीं घरीं एकटीं राहावें लागे. म्हणून तिनें पतीच्या साहाय्यानें घराच्या दाराला कॅमेरा बसविण्याची योजना आंखली. १९६६ सालीं तिनें पेटंटसाठीं अर्ज केला, आणि १९६९ च्या डिसेंबरांत तें तिला मिळालें. तिच्या योजनेंत दाराबाहेरचा माणूस दिसावयाचा तो तिच्याच घरांतील पडद्यावर. डोळा दाराशीं आणि सत्ता घरच्या बाईच्या हातीं! आज चित्र फार दूर जातें. सत्ता मात्र कोणाच्या हातीं आहे, हें विचारावयास आपण विसरलों.

विसरल्याचें फळ २०१६ सालीं जगानें पाहिलें. मिराय नांवाच्या एका दुष्ट प्रोग्रॅमनें घरोघरचे कॅमेरे व राउटर कबजांत घेतले, आणि त्यांजकरवीं मोठमोठीं संकेतस्थळें बंद पाडलीं. त्याचें हत्यार काय? कारखान्यांतून आलेले पासवर्ड, जे कोणीं बदललेच नव्हते. रीसेट केल्यावर पुष्कळ यंत्रांत तोच मूळ पासवर्ड परत येतो, हें लक्षांत ठेवावें, आणि तो त्याच बैठकींत बदलावा. आपल्या सरकारनेंहि २०२४ सालीं अशा कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेसंबंधीं अटी घातल्या, व २०२५ च्या एप्रिलपासून त्या लागू झाल्या. परंतु कायदा कारखान्याच्या दारापर्यंत येतो. आपल्या ओटीवर आपणच जागें राहिलें पाहिजे.

आतां थोडक्यांत सांगतों. कॅमेरा बसवितांना खातें आपल्याच मोबाईलवर, आपल्याच हातानें उघडावें. कारागिराची मदत घ्यावी, त्याचें खातें घेऊं नये. यंत्रावरील क्रमांकाचा फोटो व विकत घेतल्याची पावती जपून ठेवावी. जुना खातेदार सांपडला नाहीं तर कंपनीकडे मालकी सिद्ध करण्यास तीच उपयोगी पडते. पासवर्ड वहींत लिहून कपाटांत ठेवावा. ज्यांच्या घरीं तारांचे कॅमेरे डी. व्ही. आर. पेटीला जोडलेले आहेत, त्यांनीं कॅमेरा टोंचूं नये. त्यांचा पासवर्ड पेटींत असतो, आणि तो विसरल्यास कंपनीच्या अधिकृत मार्गानेंच सोडवून घ्यावा. आणि आज घरीं गेल्यावर, कॅमेरा चालू असला तरीहि, तो कोणाच्या खात्यावर आहे एवढें अवश्य पाहावें.

आमचा कॅमेरा आतां माझ्या नांवावर आहे. मुलाला चित्र दिसतें, तें मीं वांटून दिलेलें. त्याची जागा मात्र बदलली. तो आतां अंगणाकडे पाठ करून फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे पाहतो. ती जागा कुटुंबानें ठरविली, आणि मीं शिडीवर चढून खिळा ठोकला. पहारेकऱ्यानें घराकडे पाठ करून उभें राहावें, ही रीत जागल्याला ठाऊक होती. आम्हांला ती चार दिवस टाचणी टोंचल्यावर कळली.