कारखाना जातो, तेव्हा मागे काय उरते?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपती ही बुद्धीची देवता. तिच्यासमोर उभे राहायचे तर काही उपयोगाचे बोलावे, म्हणून आजचा विषय निवडला. मी अर्थशास्त्राचा अभ्यासक नाही. डिप्लोमा करून राज्य शासनाच्या आयटीआयमध्ये शिकवायला लागलो आणि आजही मुलांच्या हातात मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न देण्याचेच काम करतो. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी पालक एकच प्रश्न विचारतात, "सर, याला परमनंट नोकरी लागेल ना?" आपल्या इंदूरकरांच्या तोंडी हा प्रश्न साहजिक आहे, कारण मिल बंद पडणे म्हणजे काय ते आपण पाहिले आहे. पण आज मी गोष्ट सांगणार आहे ती दूरची, आयर्लंडमधल्या लिमरिक या शहराची आणि डेल या संगणक कंपनीची.

लिमरिक हे शॅनन नदीकाठचे शहर, लोकवस्ती लाखाच्या आतबाहेर. डेल कंपनी तिथे १९९१ मध्ये आली. मायकेल डेल या तरुणाने १९८४ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात, विद्यापीठाच्या वसतिगृहातील खोलीतून सुरू केलेली ही कंपनी. तिची पद्धत वेगळी होती. दुकानदार मध्ये नाही. गिऱ्हाइकाने फोनवर, पुढे इंटरनेटवर ऑर्डर द्यायची, आणि ऑर्डर आल्यावरच संगणक जोडायला घ्यायचा. युरोपातल्या गिऱ्हाइकाला चार दिवसांत माल हवा तर कारखाना युरोपातच हवा. लिमरिकला इंग्रजी बोलणारा तरुण कामगार होता आणि सरकारची करसवलत होती. कारखाना वाढत गेला. संगणकाला लागणारे सुटे भाग पुरवणारे, खोकी बनवणारे, मालवाहतूक करणारे असे कितीतरी छोटे धंदे त्याच्या आधाराने उभे राहिले. आयर्लंडच्या राष्ट्रीय उत्पन्नात या एका कंपनीचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास असल्याचे अंदाज तेव्हा छापून येत.

मग भीती कधी सुरू झाली? कारखाना बंद व्हायच्या बरीच आधी. २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात आला. तिथे मजुरी आयर्लंडपेक्षा कितीतरी कमी, आणि तिथून जर्मनी-फ्रान्सला माल पाठवायला जकात नाही. २००६ मध्ये डेलने पोलंडमधील वुच या शहरात नवा कारखाना काढण्याचे जाहीर केले. इंग्रजी नकाशात हे नाव लॉड्झ असे वाचले जाते. गंमत बघा, हे वुच म्हणजे जुने कापड गिरण्यांचे शहर, आपल्या इंदूरसारखेच. २००७ मध्ये कंपनीने जगभरातील सुमारे दहा टक्के नोकऱ्या कमी करण्याचे ठरवले. २००८ मध्ये ऑस्टिनमधील कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. ज्या गावात कंपनी जन्मली, तिथला कारखानाही वाचला नाही. तेव्हा लिमरिकच्या कामगाराने काय ओळखायचे ते ओळखले असेल. घराचे हप्ते चालू, मुले शाळेत, आणि रोज चहाच्या सुट्टीत एकच चर्चा, आपला नंबर कधी?

८ जानेवारी २००९ ला तो नंबर लागला. सुमारे तीन हजारांपैकी १९०० नोकऱ्या जाणार आणि उत्पादन पोलंडला हलणार, असे जाहीर झाले. त्या वर्षी आयर्लंडमध्ये बांधकामधंदा कोसळला होता, बँका डबघाईला आल्या होत्या. एका कामावरून सुटलेल्या माणसाला दुसरे काम मिळावे असा तो काळच नव्हता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. लिमरिकचे कामगार आळशी नव्हते, कारखाना तोट्यात चालवला गेला असेही नव्हते. धंद्याचे स्वरूप बदलले होते. लोक टेबलावरचा जड संगणक सोडून लॅपटॉप घेऊ लागले. लॅपटॉप हलका, विमानाने पाठवता येतो, आणि तो तैवानच्या कंपन्या चीनमधल्या कारखान्यांत अखंड तयार करून देऊ लागल्या. गिऱ्हाइकाजवळ कारखाना हवा, हे मूळ कारणच ढिले पडले. कामगाराने कितीही मन लावून स्क्रू पिळला, तरी हे कारण त्याच्या हातातले नव्हते. म्हणून "चांगले काम केलेस तर नोकरी राहील" हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना अर्धवटच सांगू शकतो.

आता पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. लिमरिकच्या लोकांना अचानक फाटकावर कुलूप दिसले नाही. कपात एप्रिल २००९ ते जानेवारी २०१० अशी टप्प्याटप्प्याने झाली. नोकरीच्या वर्षांप्रमाणे नुकसानभरपाई मिळाली. ती वाढवून मिळावी म्हणून वादही झाले. युरोपीय संघाचा जागतिकीकरणामुळे नोकरी गेलेल्यांसाठी एक निधी आहे. त्यातून डेल आणि तिच्या पुरवठादारांकडील सुमारे २४०० कामगारांच्या प्रशिक्षणासाठी व नव्या धंद्यासाठी १ कोटी ४८ लाख युरो मंजूर झाले.

सगळे गोड होते असे नाही. मदतीची दोन वर्षांची मुदत मोजली गेली ती अर्ज केल्याच्या दिवसापासून, जून २००९ पासून. पैसे मंजूर होईतो त्यातले काही महिने संपले होते. ज्याला तीन-चार वर्षांचा अभ्यासक्रम करायचा होता, त्याची मदत मध्येच थांबणार होती. कामगारांनी स्वतःची संघटना काढून याविरुद्ध आवाज उठवला. आणखी एक गोष्ट त्यांना झोंबली. २००९ च्या त्याच सप्टेंबरमध्ये पोलंड सरकारने वुचच्या कारखान्यासाठी देऊ केलेल्या ५ कोटी ४५ लाख युरोंच्या साहाय्यालाही युरोपीय आयोगाने मान्यता दिली. म्हणजे एका हाताने जखमेला मलम आणि दुसऱ्या हाताने जखम करणाऱ्याला बक्षीस, असे लिमरिकच्या माणसाला वाटले तर नवल नाही. आणि ते वर्ष संपण्यापूर्वी डेलने वुचचा तो कारखाना फॉक्सकॉन या तैवानी कंपनीला विकण्याचे जाहीरही केले. ज्यांच्याकडे नोकऱ्या गेल्या, त्यांचाही मालक दोन वर्षांत बदलला.

अमेरिकेतील विन्स्टन-सेलम शहराची हकीकत याहून बोलकी आहे. डेलने तिथे २००५ मध्ये कारखाना उघडला, मोठ्या सवलती घेऊन. चारच वर्षांनी, २००९ च्या ऑक्टोबरमध्ये तो बंद करण्याची घोषणा केली. सुमारे ९०० लोकांच्या नोकऱ्या गेल्या. पण शहराने करारात एक कलम घातले होते, की ठरल्याप्रमाणे रोजगार टिकला नाही तर दिलेले पैसे परत करायचे. त्या कलमामुळे स्थानिक संस्थांना आपले पैसे परत मिळाले. कंपनीला दोन्ही हातांनी सवलती देताना आपल्याकडेही असे कलम लिहिले पाहिजे. जमीन स्वस्त द्या, वीज द्या, पण लिहून घ्या.

आता आपल्या घरचे पाहू. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरमध्ये बंद पडली. तिथल्या कामगारांच्या हक्काचे २२४ कोटी रुपये त्यांना मिळण्याचा मार्ग मोकळा झाला तो डिसेंबर २०२३ मध्ये. सुमारे ४८०० कामगार आणि त्यांची कुटुंबे बत्तीस वर्षे थांबली. कितीतरी घरांत पैसे आले तेव्हा ज्याने ते कमावले होते तो माणूस राहिला नव्हता, वारसांनी सही केली. लिमरिकचाही कारखाना गेला, आपलीही मिल गेली. तिथल्या मदतीत उणिवा होत्या, पण ती वर्षा-दोन वर्षांत आली. इथे एक पिढी गेली. मला वाटते, "कारखाना टिकेल का?" यापेक्षा "कारखाना गेला तर माझ्या घामाचे पैसे किती दिवसांत मिळतील आणि ते देण्याची जबाबदारी कोणाची?" हा प्रश्न मोठा आहे. आणि तो कारखाना चालू असतानाच विचारायचा असतो. कुलूप लागल्यावर विचारला तर उत्तर द्यायला कोणी जागेवर नसते.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत, कपात झालेल्या कामगाराच्या पुनर्प्रशिक्षणासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम एका निधीत भरावी, अशी तरतूद आहे. पंधरा दिवसांच्या पगारात नवे कसब येत नाही, हे शिकवणारा माणूस म्हणून मी सांगू शकतो. पण तत्त्व मान्य झाले आहे. रक्कम वाढवून घेणे हे आपले काम.

आपली मुले आज पीथमपूरला, पुण्याला, बंगळूरला, चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला कामाला आहेत. त्यांना घाबरवायचे नाही, तीन गोष्टी सांगायच्या. पहिली, नेमणूकपत्र, पगाराची पावती आणि पीएफचा यूएएन नंबर घरच्या फायलीत ठेव, आणि ठेकेदाराकडे असशील तर आपले नाव नक्की कोणाच्या हजेरीपटावर आहे ते विचार. दुसरी, कंपनीच्या पैशाने जे प्रशिक्षण मिळेल ते घे आणि त्याचे प्रमाणपत्र मागून घे. मशीन कंपनीचे असते, कसब तुझे असते, पण नव्या मालकाला ते कागदावर दिसावे लागते. तिसरी, युनियन असो वा नसो, चार सहकाऱ्यांशी बोलणे ठेव. लिमरिकच्या कामगारांची संघटना नोकरी गेल्यावर उभी राहिली. आधी असती तर जास्त उपयोग झाला असता.

लिमरिकचे पुढे काय झाले? डेल तिथून पूर्ण गेली नाही, उत्पादनाखेरीजचे काम राहिले. आणि तिची रिकामी इमारत काही वर्षांनी रिजेनेरॉन या औषध कंपनीने घेतली. आज तिथे औषधे बनतात. पण संगणक जोडणारा प्रत्येक हात औषधाच्या कारखान्यात जाऊ शकला असेल असे समजू नका. मधल्या वर्षांत ज्याला शिकता आले, तो तिथे जाण्याच्या लायकीचा झाला.

आपल्या मिलचे भोंगे थांबले, तरी अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या अजून निघतात. माणसांनी धरून ठेवले म्हणून ते टिकले. तीच चिकाटी आपल्या हक्काच्या कागदासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी दाखवू या, एवढीच बाप्पाच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!