लोणकढी थाप



दहावीत संक्रांतीनंतर दोन दिवस शाळा बुडवून मी सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर हिंडलो. सरांनी विचारल्यावर म्हणालो, "ताप होता." सरांनी मला होम मैदानावर पाळण्यात बसलेलं पाहिलं होतं! त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'बेअरफेस्ड लाय'. बेअरफेस्ड म्हणजे उघड्या चेहऱ्याचं. मुखवटासुद्धा न घालता बोललेलं. आपलं 'धडधडीत खोटं'. मग 'लाइंग थ्रू युअर टीथ' आलं. मागच्या बाकावरून अर्थ आला, "दात विचकून खोटं!" सर म्हणाले, फार चुकला नाहीस. त्यांची आवडती मात्र 'लोणकढी थाप'. लोणी कढवून नुकतंच काढलेल्या तुपासारखी ताजी. इंग्रजांना साजूक तूप कुठलं माहीत, म्हणायचे.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. सरांनी विचारलं, "बरोबर कोण होतं?" मी शेजारच्याचं नाव घेतलं. तोही गैरहजर होता, पण आई आजारी म्हणून. छड्या त्याने खाल्ल्या आणि अवाक्षर काढलं नाही.

तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय. सर, तो गड्ड्यावर नव्हता.