चित्र आहे, रंग गेले



पत्रिकेत आजचा विषय ‘जुन्या चित्रफायलींचं रूपांतर’ असा छापलाय. तो वाचून एका गृहस्थांनी आयोजकांना विचारलं म्हणे, हे व्याख्यान आहे की क्लास? थोडं दोन्ही आहे. नव्वदच्या दशकात मी एका छापखान्यात डीटीपी करत होतो. लग्नपत्रिका, हँडबिलं, दिवाळी अंकांची सजावट. त्या वेळच्या फ्लॉप्या मी टाकल्या नाहीत. त्यांतली बरीच चित्रं पीसीएक्स प्रकारची आहेत, आणि आजचा फोन त्यांना ओळखही दाखवत नाही.

पीसीएक्स ही झेडसॉफ्ट कंपनीच्या पीसी पेंटब्रशची फाइल. तिचा पहिला बाइट असतो १०. जीआयएफची पहिली तीन अक्षरं जीआयएफ हीच असतात, बीएमपीची पहिली दोन बी आणि एम. म्हणजे नावापुढचं एक्स्टेन्शन कुणी बदललं, पुसलं, तरी फाइल तोंड उघडताच आपलं कूळ सांगते. इमेजमॅजिक या संचातली (त्याच्याबद्दल पुढे सांगतो) ‘आयडेंटिफाय’ नावाची आज्ञा हेच तोंड वाचते. रूपांतराच्या आधी ती चालवावी. एक्स्टेन्शनवर मी विश्वास ठेवत नाही.

आता फाइलच्या पोटात जाऊ. एका ओळीत सलग ४० ठिपके पांढरे असतील, तर पीसीएक्स ते ४० वेळा लिहीत बसत नाही. १९२ मध्ये ४० मिळवून २३२ लिहिते आणि पुढे पांढऱ्याचा क्रमांक. दोन बाइटांत काम झालं. पण क्रमांक म्हणजे रंग नव्हे. २५६ रंगांच्या चित्रात कुठल्या क्रमांकाचा रंग कुठला, हा तक्ता असतो फाइलच्या अगदी शेवटी: खुणेचा एक बाइट, १२, आणि मागे ७६८ बाइट. माझ्या एका फ्लॉपीवरची गणपतीची फाइल शेवटाकडे खराब झाली होती. सोंड, मोदक, उंदीर सगळं जागेवर. पण शेंदूर कोणता आणि पीतांबर कोणतं हे सांगणाराच फाइलमध्ये उरला नव्हता. चित्र आहे, रंग गेले. तिथे कुठलीही आज्ञा चालत नाही.

फाइल धड असली, तर मात्र काम सोपं आहे, आणि त्याचं श्रेय मी जेफ पॉस्कॅन्झर या माणसाला आधी देतो. ऐंशीच्या दशकात ईमेलमधून साधा मजकूरच धड जायचा. चित्र पाठवायचं तर ते मजकूरच करून टाकावं, असं त्याने ठरवलं. त्या प्रकाराचं नाव पीबीएम. ती फाइल नोटपॅडमध्ये हाताने लिहिता येते. पहिल्या ओळीत पी आणि एक, दुसरीत रुंदी आणि उंची, मग काळ्या ठिपक्याला एक, पांढऱ्याला शून्य. फळ्यावर लिहितो:

पी१
५ ६
१ १ १ १ १
० १ ० ० १
० १ ० ० १
० ० १ १ १
० ० ० ० १
० ० ० ० १

लांबून बघा, ‘प’ दिसेल. (घरी करून बघताना पी रोमन आणि अंक इंग्रजी घ्या, नाहीतर संगणक रुसतो.)

१९८८ साली पॉस्कॅन्झरने पीबीएमप्लस हा रूपांतराच्या प्रोग्रामांचा संच दिला; त्याचाच पुढे नेटपीबीएम झाला. त्यातली युक्ती मनमाडला गाडी बदलण्यासारखी आहे. दहा प्रकारांतून प्रत्येकाचं प्रत्येकात थेट रूपांतर करायचं तर नव्वद प्रोग्राम लागतात. सगळ्यांना मधल्या एका साध्या रूपात उतरवलं, तर दहा उतरवणारे आणि दहा चढवणारे, वीस पुरतात.

दुसरं नाव इमेजमॅजिक. ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीत जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये त्याची सुरुवात केली आणि १९९० च्या ऑगस्टमध्ये ते सर्वांना मोकळं झालं. वापरायला एक ओळ: ‘मॅजिक’, मग जुन्या फाइलचं नाव, मग नव्या फाइलचं. पूर्वी मॅजिकच्या जागी ‘कन्व्हर्ट’ लिहीत. विंडोजवर तसं लिहू नका. तिथे कन्व्हर्ट नावाची आधीचीच एक आज्ञा आहे. तिला चित्रांशी देणंघेणं नाही, ती डिस्कची मांडणी फॅटवरून एनटीएफएसवर नेते.

नवी फाइल पीएनजी करा. रेषाचित्राची जेपेग केलीत, तर काळ्या रेषेच्या कडेला राखाडी रवा सांडल्यासारखा दिसतो आणि तो नंतर निघत नाही. फोटोंना जेपेग चालते, तीही पाहण्यापुरती.

आणि इमेजमॅजिकच्याच ‘मॉग्रिफाय’पासून जपा. ही आज्ञा अख्खा फोल्डर एका दमात बदलते. एका दिवाळी अंकाची स्कॅन केलेली रेषाचित्रं होती. संपादकांना दाखवायला लहान प्रती हव्या होत्या. मी मॉग्रिफायला आकार सांगितला, एंटर दाबलं, चहाला गेलो. आलो तेव्हा लहान प्रती तयार होत्या, आणि मूळ चित्रं नव्हती. तिने त्यांच्यावरच लिहिलं होतं. चूक तिची नव्हे. ती असंच करते, आणि मी नियम वाचला नव्हता. सोबत ‘फॉरमॅट’ हा पर्याय देऊन दुसरा प्रकार मागितला, तर ती नवी फाइल करते आणि जुनीला हात लावत नाही. मूळ कागद चित्रकाराकडे होते म्हणून वाचलो. पुन्हा स्कॅनिंगला दोन रात्री गेल्या.

माझ्याकडे एक फ्लॉपी ड्राइव्ह अजून चालतो. उद्या संध्याकाळी पाच वाजता तो घेऊन मी इथल्या कार्यालयात बसणार आहे. माळ्यावरच्या फ्लॉप्या घेऊन या. पीसीएक्सचं पीएनजी करून देतो, मूळ फाइलही तशीच्या तशी उतरवून देतो. येताना पेन ड्राइव्ह मात्र आपापला आणा.