चंचल चित्त आणि घरखर्च

महिन्याच्या आरंभीं जमाखर्चाची नवी वही घालावी, चार दिवस पैन् पैचा हिशेब लिहावा आणि पांचव्या दिवसापासून ती वही कपाटावर धूळ खात पडावी, हा अनुभव पुष्कळ घरांत येतो. कांहीं माणसांच्या वाट्यास मात्र तो वर्षानुवर्षें येत राहतो. घरची मंडळी त्यांस उधळीं, बेजबाबदार म्हणतात. आणि कालांतरानें तीं स्वतःसहि तसेंच समजूं लागतात.

यांपैकीं कांहींच्या ठिकाणीं दोष स्वभावाचा नसून अवधानाचा असतो. वैद्यकांत त्यास एडीएचडी, म्हणजे अवधानाची न्यूनता व अतिचंचलता, असें नांव आहे. सन १९०२ मध्यें डॉ. जॉर्ज स्टिल यांनीं लंडन येथें मुलांतील अशा लक्षणांवर व्याख्यानें दिलीं. पुढें दीर्घकाळ हा बालपणाचाच विकार मानला गेला. अनेकांच्या बाबतींत तो प्रौढपणींहि टिकतो, हें आतां मान्य झालें आहे. तथापि प्रत्येक उधळा मनुष्य या विकाराचा नव्हे. लक्षणें वयाच्या बाराव्या वर्षापूर्वींपासून आणि घर, शाळा, कचेरी अशा एकाहून अधिक ठिकाणीं दिसावीं लागतात. निदान तज्ज्ञानेंच करावयाचें असतें.

अशा माणसास काटकसरीचें महत्त्व कळत नाहीं असें नाहीं. परंतु कळणें निराळें आणि ऐन वेळीं आठवणें निराळें. समोरची वस्तु मन व्यापून टाकते आणि पुढील आठवड्यांतील विजेचें बिल दृष्टीआड होतें. नोट मोडतांना हात क्षणभर तरी थबकतो. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआयमुळें तोहि क्षण उरला नाहीं. म्हणून खर्चानंतर लिहिलेला हिशेब येथें फारसा उपयोगी पडत नाहीं. खर्चापूर्वीं केलेली वांटणी उपयोगी पडते.

रत्नागिरीकरांस ही युक्ति परकी नाहीं. कोंकणांत आगोटीची बेगमी करण्याची रीत जुनी आहे. तांदूळ, डाळी, मिरच्या, आमसुलें, सुकी मासळी, जळाऊ लांकडें हीं पाऊस लागण्यापूर्वींच घरांत येत. आषाढाच्या मुसळधारेंत कशाची उणीव पडेल, याचा विचार वैशाखांत उरकलेला असे. महिन्याच्या पैशाचीहि अशीच बेगमी करावी.

पगार जमा होतांच वीजबिल व कर्जाचा हप्ता बँकेंतून आपोआप जावा, अशी व्यवस्था एकदांच करून ठेवावी. पोस्टाची आवर्ती ठेव दरमहा शंभर रुपयांपासून उघडतां येते. तिचा भरणाहि त्याच दिवशीं व्हावा. किरकोळ खर्चास वेगळें खातें असावें, त्यांत आठवड्यापुरतीच रक्कम भरावी, आणि मोबाईलवरील यूपीआय त्या खात्यासच जोडावें. खर्चाचीं सदरें चारांहून अधिक नसावीं. मोठी वस्तु घ्यावीशी वाटल्यास तिचें नांव दारावरील कागदावर लिहावें व तीन दिवसांनंतर निर्णय घ्यावा. ज्या आंबा बागायतदाराचें उत्पन्न उन्हाळ्यांतच हातीं येतें, त्यानें मजुरी, खत, फवारणी यांचा खर्च प्रथम बाजूस काढावा आणि उरलेल्या रकमेचे बारा भाग करावे.

चुकांसाठींहि थोडी तरतूद ठेवावी. विलंबशुल्क, हरवलेली छत्री, दुसऱ्यांदा आणलेलें तेंच औषध, हें या घरांत घडणारच. त्यास जागा नसलेलें अंदाजपत्रक पहिल्याच चुकीस मोडतें, आणि मग उरलेला महिनाहि सोडून दिला जातो.

आठवड्यांतून एकदां, ठरल्या वेळीं, पतिपत्नींनीं अर्धा तास एकत्र बसावें. एकानें न्यायाधीश व दुसऱ्यानें आरोपी होऊं नये; दोघांनीं मिळून खात्यांत काय उरलें तेवढेंच पाहावें. बोलणीं बसूं लागलीं कीं मनुष्य बिलें लपवितो, आणि लपविलेलें बिल दंडासह परत येतें.

एवढ्यानें न भागल्यास वैद्याचा सल्ला घेण्यांत कमीपणा नाहीं. रत्नागिरीचें मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. औषधानें चित्त स्थिरावण्यास साहाय्य होतें. पैशाची वांटणी मात्र घरांतच करावी लागते, आणि ती पगाराच्या दिवशींच झालेली बरी.